विद्यापीठाच्या नोकरीतून ग्रीन कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती संपली, प्रसादाची वाटी हातात आली, की कोणीतरी हळूच बाजूला घेतं. "तुमचं युनिव्हर्सिटीनं केलं ना? आमचे लोक नुसतं हो-हो म्हणतात." अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात मी शिकवते. माझी स्वतःची फाईल एकदा चुकली आणि दुसऱ्यांदा लागली, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. हा वकिली सल्ला नाही. शुल्क आणि रांगेच्या तारखा बदलत राहतात, म्हणून जिथे असा आकडा दिलाय तिथे शक्यतो सालही दिलं आहे.

विद्यापीठ 'स्पॉन्सर' करतं म्हणजे नेमकं काय करतं?

आपण म्हणतो "युनिव्हर्सिटी माझं ग्रीन कार्ड करतेय". प्रत्यक्षात विद्यापीठ स्वतःसाठी अर्ज करतं. या पदावर आम्हाला हा माणूस कायमचा हवा आहे, एवढंच ते सरकारला सांगतं. अर्जदार विद्यापीठ असतं, फॉर्मवर सही त्यांची असते, आणि वकीलही बहुतेक वेळा त्यांचाच असतो. तुम्ही त्या फॉर्ममध्ये 'लाभार्थी' असता.

कामाचे टप्पे साधारण तीन. पहिला श्रम खात्याकडचा, म्हणजे पर्म (या पदासाठी योग्य अमेरिकन माणूस मिळाला नाही याची मंजुरी); तो सगळ्यांना लागत नाही. दुसरा आय-१४०, विद्यापीठाचा इमिग्रेशन खात्याकडे अर्ज. तिसरा आय-४८५, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा अर्ज, तो तुमचा स्वतःचा आणि कुटुंबाचा. पहिल्या दोन टप्प्यांची सूत्रं तुमच्या हातात नसतात. उशीर झाला तर मात्र त्याची किंमत तुम्हीच भरता, विभागप्रमुख नाही.

कोणासाठी करतात आणि कोणासाठी नाही?

टेन्यूर-ट्रॅक, म्हणजे पुढे कायम होऊ शकणाऱ्या प्राध्यापकांसाठी बहुतेक विद्यापीठं करतात. कायम स्वरूपाच्या संशोधकांसाठी बऱ्याच ठिकाणी करतात, पण विभागाचं पत्र आणि वरची मंजुरी लागते. कार्यालयीन किंवा आयटीतल्या कर्मचाऱ्यांसाठी क्वचित, अपवाद म्हणून. बहुतेक विद्यापीठांचं लेखी धोरण असतं आणि ते इंटरनॅशनल ऑफिसच्या पानावर सापडतं. कॉरिडॉरमध्ये ऐकलेल्या गोष्टींपेक्षा ते वाचलेलं बरं.

पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतर काही वर्षांपुरत्या संशोधकांसाठी, सहसा करत नाहीत. त्यात आकस नाही, पोस्टडॉकचं पदच तात्पुरतं असतं आणि पर्म काय किंवा ईबी-१बी (प्राध्यापक-संशोधकांचा पर्मशिवायचा वर्ग, त्याविषयी पुढे) काय, दोन्हीकडे पद कायमचं असावं लागतं.

"पण माझं पद ग्रँटवर आहे, दरवर्षी पत्र नवं होतं, मग मी कायमचा की तात्पुरता?" संशोधन-शास्त्रज्ञांचा हा नेहमीचा प्रश्न. ईबी-१बीसाठी 'कायम' याचा अर्थ असा की पदाला ठरावीक शेवट नाही आणि सबळ कारणाशिवाय काढणार नाहीत अशी रास्त अपेक्षा आहे. ग्रँट दरवर्षी नवी होत असली तरी चालू शकतं. विद्यापीठानं ही अपेक्षा पत्रात लिहून द्यायला हवी आणि पूर्वीच्या नूतनीकरणाचे कागद जोडायला हवेत.

'स्पेशल हँडलिंग' हा शब्द सारखा ऐकू येतो. ते काय प्रकरण आहे?

हा प्रश्न नीट वाचा. माझी फाईल इथेच चुकली होती.

साध्या पर्ममध्ये मालकाला पदाची जाहिरात पुन्हा द्यावी लागते: रविवारच्या वर्तमानपत्रात दोनदा, राज्याच्या रोजगार यंत्रणेकडे ३० दिवस, शिवाय आणखी तीन मार्गांनी. किमान पात्रता असलेला एकही अमेरिकन अर्जदार सापडला तर प्रकरण तिथेच थांबतं. कॉलेज-विद्यापीठातल्या शिक्षकांसाठी कायद्यानं वेगळी वाट ठेवली आहे, तीच 'स्पेशल हँडलिंग'. तुमची निवड खुल्या स्पर्धेतून झाली असेल, तर मूळ भरतीच पुरावा म्हणून चालते. आणि निकष 'किमान पात्र कोणी आहे का' असा नसून 'तुमच्याइतका किंवा तुमच्यापेक्षा अधिक पात्र अमेरिकन होता का' असा असतो. या एवढ्याशा फरकावर हजारो प्राध्यापकांची ग्रीन कार्डं उभी आहेत.

अटी अशा. कामात वर्गावर शिकवणं हवं. निव्वळ संशोधनाचं पद यात बसत नाही. राष्ट्रीय पातळीवरच्या व्यावसायिक नियतकालिकात किमान एक जाहिरात आलेली हवी. २०११ पासून वेबवरची जाहिरातही चालते, पण ती किमान ३० दिवस दिसत असायला हवी आणि त्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशीचा तारखेसह स्क्रीनशॉट. हा स्क्रीनशॉट निवड समितीच्या कोणाच्याही डोक्यात नसतो. तुम्ही रुजू व्हायच्या आधीच विभागाच्या सेक्रेटरीकडे त्याची चौकशी करा. दोन वर्षांनी ते पान इंटरनेटवर मिळत नाही.

आणि शेवटची अट: निवड झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत अर्ज श्रम खात्याकडे पोहोचायला हवा. निवडीपासून. रुजू झाल्यापासून नव्हे.

१८ महिने म्हणजे भरपूर वेळ आहे की!

मलाही तसंच वाटलं होतं. हिशेब मांडते.

माझी निवड २० फेब्रुवारीला झाली. रुजू झाले ऑगस्टमध्ये. सहा महिने तिथेच गेले. विभागप्रमुख म्हणाले, एक सत्र होऊ द्या, मग बघू. मी मान डोलावली, कारण नव्या सुनेनं पहिल्याच दिवशी भांडू नये असं आपल्या अंगात मुरलेलं असतं. जानेवारीत कागद इंटरनॅशनल ऑफिसकडे गेले. फेब्रुवारीत त्यांनी श्रम खात्याकडे 'प्रिव्हेलिंग वेज' मागितलं, म्हणजे या भागात या कामाचा चालू पगार किती, याचा सरकारी दाखला. तो १५ जुलैला आला. १७ जुलैला विभागात नोटीस लागली. ती सलग दहा कामाचे दिवस लावावी लागते, म्हणजे ३० जुलैपर्यंत. ती उतरवल्यावर आणखी ३० दिवस थांबल्याशिवाय अर्ज करता येत नाही. आला २९ ऑगस्ट. आणि माझी मुदत २० ऑगस्टला संपली होती.

नऊ दिवस! पगाराच्या दाखल्याची वाट न पाहता नोटीस आधी लावता आली असती. त्यात लिहिलेला पगार दाखल्यापेक्षा कमी नसला म्हणजे झालं. पण ते कोणाला सुचलं नाही. ऑफिसातल्या बाई मनापासून हळहळल्या. मग माझ्याच पदाची जाहिरात नव्यानं निघाली, माझ्याच जागेसाठी इतरांचे अर्ज आले आणि शेजारच्या खोलीत बसून समिती ते वाचत असताना मी पलीकडे वर्गाची तयारी करत होते. सगळं मिळून वर्षाहून जास्त गेलं. भारतात जन्मलेल्या माणसाच्या बाबतीत हे वर्ष म्हणजे रांगेतली जागा. ते का, ते पुढे येतं.

ती नोटीस म्हणजे काय? सगळ्यांना पगार दिसतो म्हणे?

दिसतो. अमुक पदासाठी परदेशी व्यक्तीकरिता अर्ज होणार आहे, कोणाला काही सांगायचं असेल तर श्रम खात्याकडे कळवावं, असा कागद विभागातल्या फलकावर लागतो. त्यावर पगार असतो, तुमचं नाव नसतं. पण कॉफी मशीनशेजारच्या फलकावर 'असिस्टंट प्रोफेसर' एवढं लिहिलं तरी तो कोण, हे सगळ्यांना कळतंच. सरकारी विद्यापीठांत पगार तसेही जाहीर असतात. चार दिवस अवघडल्यासारखं होतं, पाचव्या दिवशी त्या कागदावर कोणीतरी सायकल विकायची चिठ्ठी टोचतं. ती चिठ्ठी मात्र लगेच काढा, नोटीस झाकली जाता कामा नये.

खर्च कोणी करायचा?

पर्मचा सगळा खर्च, वकिलाच्या फीसह, मालकानंच करायचा. १६ जुलै २००७ पासून हा नियम आहे. "आत्ता आम्ही भरतो, नंतर पगारातून कापू" किंवा "तीन वर्षांत सोडलंत तर परत करा" असं पर्मच्या खर्चाबाबत चालत नाही.

आय-१४० चा खर्च मात्र तुमच्याकडून घेतला तर बेकायदा नाही. काही विद्यापीठं भरतात, काही अर्धं भरतात. आय-४८५ जवळजवळ नेहमी आपल्याच खिशातून. एप्रिल २०२४ च्या दरपत्रकात मोठ्या माणसामागे १,४४० डॉलर आणि आईवडिलांबरोबर अर्ज करणाऱ्या १४ वर्षांखालच्या मुलामागे ९५० डॉलर आहेत. दोघं नवराबायको आणि दोन लहान मुलं, म्हणजे ४,७८० डॉलर. वैद्यकीय तपासणी वेगळी, आणि आय-४८५ प्रलंबित असताना काम करायचा आणि प्रवासाचा परवाना हवा असेल तर त्याचंही वेगळं.

तपासणीवरून आठवलं. दंडावरची बीसीजीची खूण बघून "तुमची टीबी टेस्ट पॉझिटिव्ह येणार" असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. हल्ली रक्ताची चाचणी करतात आणि बीसीजीमुळे ती चुकत नाही. आणि तपासणीचा अहवाल २ डिसेंबर २०२४ पासून अर्जासोबतच द्यावा लागतो, नंतर पाठवू म्हणून चालत नाही.

ईबी-१बी मिळतं ते नोबेलवाल्यांना ना?

नाही हो. हा गैरसमज आपल्या लोकांना फार महागात पडतो.

ईबी-१बी हा 'उल्लेखनीय प्राध्यापक आणि संशोधक' असा वर्ग आहे. यात पर्म लागत नाही. शिकवण्याचा किंवा संशोधनाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, कायम पदाचं विद्यापीठाचं पत्र हवं, आणि सहा निकषांपैकी किमान दोन. ते सहा म्हणजे मोठं पारितोषिक, कर्तृत्व पाहूनच सभासद करून घेणाऱ्या संस्थेचं सभासदत्व, तुमच्या कामाविषयी इतरांनी व्यावसायिक नियतकालिकात लिहिलेलं काही, इतरांच्या कामाचं परीक्षण, मौलिक संशोधन, आणि आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतले लेख किंवा पुस्तकं. संशोधन करणाऱ्या कोणाही प्राध्यापकानं लेख लिहिलेले असतात आणि इतरांचे तपासलेलेही असतात. म्हणजे दोन निकष कागदावर तरी पुरे होतात. खरी परीक्षा त्यापुढची असते. या सगळ्यातून त्या क्षेत्रात आंतरराष्ट्रीय ओळख दिसते का, याचा अधिकारी एकत्रित विचार करतो.

तपासलेल्या प्रत्येक लेखाचा संपादकाकडून आलेला आभाराचा ईमेल जपून ठेवा. मी सुरुवातीची दोन वर्षं ते वाचून उडवत होते.

नावाचंही बघा. एस. आर. पाटील या नावानं लेख लिहिलेत तर जगात तुमच्यासारखे किती एस. आर. पाटील आहेत याचा विचार करा. कोणाची उद्धरणं कोणाच्या नावावर हे सिद्ध करत बसावं लागतं. ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची स्वतंत्र ओळख सांगणारा क्रमांक, काढायला पाच मिनिटं लागतात.

शिफारसपत्रं कोणाकडून घ्यायची?

गाइड आणि सहलेखक यांची एक-दोन पुरेत. वजन असतं ते ज्यांच्याबरोबर तुम्ही कधी काम केलेलं नाही अशा लोकांच्या पत्रांना. आणि आता अवघड भाग: मसुदा बऱ्याचदा तुम्हालाच करायला सांगतात. "आपलं थोडंफार करतो" असं म्हणत वाढलेल्या माणसाला स्वतःविषयी 'या क्षेत्रातील अग्रगण्य' असं लिहिताना हात जड होतो. लिहू नकाच ते. अधिकाऱ्यालाही ते विशेषण रोज दिसतं. त्याऐवजी लिहा की अमुक साली तुम्ही काढलेली पद्धत तमुक प्रयोगशाळेनं वापरली आणि त्यातून हे निघालं. मग सही करणाऱ्याला ते स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. पाच पत्रांत एकच वाक्य सापडलं की अधिकाऱ्याच्या लक्षात येतंच.

विद्यापीठाचं सगळं वेळेत झालं, तरी भारतीयांना इतकी वर्षं का?

कारण रांग विद्यापीठाची नसून देशाची आहे. नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि त्यात जोडीदार-मुलंही मोजतात. पहिल्या तीन वर्गांना, म्हणजे ईबी-१, ईबी-२ आणि ईबी-३ यांना, प्रत्येकी सुमारे ४०,०००. वर कोणत्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा. लोकसंख्येचा संबंध नाही. आइसलँडला आणि भारताला तीच टक्केवारी. ही रचना १९९० च्या कायद्यातली आहे.

परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यात भारतासाठी ईबी-२ ची (पर्ममार्गे जाणाऱ्या प्राध्यापकांचा नेहमीचा वर्ग) तारीख होती १ जानेवारी २०१३. म्हणजे २०१२ साल संपायच्या आधी ज्यांची नोंद झाली, त्यांना तेव्हा कार्ड मिळत होतं. त्याच वेळी ईबी-१ ची (ईबी-१बी यातच येतो) तारीख होती १५ फेब्रुवारी २०२२. यावरून "म्हणजे ईबी-२ ला बारा वर्षं" असा हिशेब करू नका. २०१३ नंतर रांगेत शिरलेले लोक त्याहून खूप जास्त आहेत.

इथे देश म्हणजे जन्माचा देश, पासपोर्टचा नव्हे. गोव्यात जन्मून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले बरेच जण विचारतात. तुम्ही भारताच्याच रांगेत. उलट वडील नोकरीला मस्कतला असताना तिथे जन्मलेला सांगलीकर ओमानच्या खात्यात जातो आणि त्याला एवढी लांब रांग लागत नाही. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्याच्या देशाच्या रांगेत दोघांना उभं राहता येतं. मुलांच्या जन्मदेशाचा आईवडिलांना उपयोग नाही.

ईबी-२ ची रांग एवढी लांब, तर ते करायचंच कशाला? थेट ईबी-१ ची वाट पाहिली तर?

वाट पाहू नका. ईबी-२ करायचं ते तारखेसाठी.

पर्म श्रम खात्याकडे ज्या दिवशी पोहोचतं ती तुमची प्रायॉरिटी डेट. आय-१४० मंजूर झाला की ती तारीख तुमची झाली. पुढे वर्ग बदला, विद्यापीठ बदला, तारीख तीच लागते. समजा २०२१ मध्ये स्पेशल हँडलिंगमधून पर्म झालं आणि ईबी-२ चा आय-१४० मंजूर झाला. रांगेच्या हिशेबानं तुम्ही कुठेच नाही. २०२४ मध्ये लेख वाढले, परीक्षणं वाढली, विद्यापीठानं ईबी-१बी चा आय-१४० केला. मंजूर झाल्यावर त्याला २०२१ ची तारीख चिकटते. २०२५ च्या उन्हाळ्यात ईबी-१ फेब्रुवारी २०२२ वर होता, म्हणजे तुमचा नंबर लागलेला. हाच माणूस 'ईबी-१ लायक झाल्यावर बघू' म्हणून थांबला असता, तर त्याची तारीख २०२४ ची पडली असती.

एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात तसंच आहे हे. आधी रुमाल टाका.

अडचण एवढीच की विद्यापीठाला दुसरा अर्ज करायला पटवावं लागतं. "तुमचं एकदा झालंय की" हे उत्तर मिळतंच. तेव्हा रांगेतला हा फरक तारखांसह एका पानावर लिहून द्या. मी दिला, त्यांच्या वकिलाला तो माहीत होता, विभागप्रमुखांना नव्हता.

एच-१बी ची, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाची, सहा वर्षं संपत आली तर?

पर्म किंवा आय-१४० दाखल होऊन ३६५ दिवस झाले असतील तर एकेक वर्ष वाढवून मिळतं. आय-१४० मंजूर आहे आणि नंबर यायचाय, तर तीन-तीन वर्षं. सन २००० च्या कायद्यातली ही सोय आहे. म्हणून पाचव्या वर्षाच्या आत काहीतरी दाखल झालंच पाहिजे. २०२५ मध्ये श्रम खात्यातच पर्मला सव्वा वर्षाहून जास्त लागत होतं, त्याआधी पगाराच्या दाखल्याचे महिने वेगळे.

दुसरी गोष्ट, एच-१बी ची संख्या मर्यादित असल्यानं कंपन्यांच्या अर्जांची लॉटरी निघते, पण विद्यापीठाचा एच-१बी त्या लॉटरीच्या बाहेर असतो. ग्रीन कार्डाच्या आधी खासगी कंपनीत जायचं ठरवलंत, तर लॉटरी लागते. आय-१४० मंजूर असला तरी ही अट सुटत नाही.

१९ सप्टेंबर २०२५ ला जाहीर झालेलं एक लाख डॉलरचं शुल्क हे अमेरिकेबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर आहे, ग्रीन कार्डाच्या अर्जावर नाही. पण त्यातून विद्यापीठांना सरसकट वगळलेलं नाही, त्यामुळे थेट भारतातून येणाऱ्या उमेदवाराच्या बाबतीत विभाग हात आखडता घेतात.

मी जे-१ वर (शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर) आलो होतो. दोन वर्षं परत जावं लागेल का?

तुमच्या विषयामुळे ही अट लागली असेल, तर चांगली बातमी आहे: ९ डिसेंबर २०२४ पासून भारताचं नाव त्या कौशल्य-यादीतून (कोणत्या देशाच्या कोणत्या विषयातल्या लोकांनी परत जायचं, याची यादी) गेलं आणि जुन्या जे-१ धारकांनाही त्याचा फायदा आहे. सरकारी पैशावर आला असाल, उदाहरणार्थ फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवर, किंवा डॉक्टर म्हणून प्रशिक्षणाला आला असाल, तर अट कायम. ती पुरी किंवा माफ होईपर्यंत एच-१बी ही नाही आणि ग्रीन कार्डही नाही. भारत सरकारच्या 'हरकत नाही' पत्रासाठी राज्य आणि केंद्र दोन्हीकडचे कागद लागतात. मुंबईत मंत्रालयात खेटे घालणारं कोणी घरचं असेल तर काम हलतं.

भारतातले कागद कोणते? जन्मदाखल्याचं फार ऐकलंय.

ऐकलंय ते खरं आहे. इतकी हुशार माणसं, आणि अडतात ती जन्मदाखल्यावर.

दाखल्यावर तुमचं नाव हवं, आईवडिलांची नावं हवीत, जन्मस्थळ हवं. आपल्याकडच्या जुन्या नोंदींत मुलाच्या नावाची जागा कोरी असते, कारण बारसं व्हायच्या आधीच दवाखान्यानं नोंद पाठवलेली असते. नाव घालून घेता येईल का ते नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा आणि त्यासाठी अर्ज करा, पण आय-४८५ च्या दोन वर्षं आधी. नोंदच जन्मानंतर वर्षाहून उशिरा झाली असेल, तर दाखल्याबरोबर शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांची किंवा जवळच्या वडीलधाऱ्यांची दोन प्रतिज्ञापत्रं जोडा. नोंद मुळीच नसेल तर 'नोंद आढळली नाही' असा दाखला तिथूनच मिळतो, तो आणि प्रतिज्ञापत्रं.

१ जून जन्मतारीखवाल्यांना वेगळं सांगायला नको. गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली तारीख पासपोर्टवर आणि खरी तारीख ग्रामपंचायतीच्या वहीत, असं असेल तर अर्जाच्या आधी वकिलाला सांगा. मुलाखतीत पहिल्यांदा कळलं तर ते लपवल्यासारखं दिसतं.

बायकांच्या बाबतीत नावाचा घोळ आणखी. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पदवीवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. लग्नात तांदळाच्या ताटात पहिलंच नाव बदललं असेल तर तीन कागदांवर तीन बायका. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद हे दोन दुवे सांभाळून ठेवा. लग्नपत्रिका आणि फोटो हे दाखल्याला पर्याय नाहीत.

दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडायचं. ते नोटरीकडून हवं असं नाही. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसानं 'मी सक्षम आहे आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असं लिहून सही केली की पुरतं. मात्र ते स्वतः करू नका, ओळखीच्या मराठी माणसाला सांगा.

मध्येच विद्यापीठ सोडलं तर सगळं वाया?

कोणत्या टप्प्यावर सोडता त्यावर आहे. पर्म चालू असताना सोडलं तर वाया. आय-१४० मंजूर झाल्यावर सोडलं तर तारीख राहते. नव्या ठिकाणी पर्म, आय-१४० पुन्हा. मंजुरीला १८० दिवस होऊन गेले असतील, तर विद्यापीठानं अर्ज मागे घेतला तरी तो आपोआप रद्द होत नाही आणि एच-१बी वाढवायला कामी येतो. आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस झाले असतील तर त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या कामावर जाता येतं. आय-१४० च्या मंजुरीपत्राची प्रत मागून घ्या. ते पत्र विद्यापीठाच्या नावानं येतं आणि काही ऑफिसं द्यायला खळखळ करतात. निदान पावती क्रमांक तरी घ्याच.

जोडीदार आणि मुलं?

एच-४ वरच्या (एच-१बी धारकाच्या कुटुंबाचा व्हिसा) जोडीदाराला तुमचा आय-१४० मंजूर झाला की नोकरीचा परवाना मागता येतो, २०१५ पासून. मुलांचा धोका २१ व्या वाढदिवसाचा, कारण त्यानंतर ती तुमच्या अर्जात बसत नाहीत. वय मोजताना आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता ते वजा होतात. पण १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना बुलेटिनमधल्या दोन तक्त्यांपैकी अंतिम कारवाईच्या तक्त्याची तारीख धरतात, जी उशिरा येते. मूल १५-१६ चं असेल तर आजच वकिलाबरोबर कागदावर हिशेब करा.

विद्यापीठानं सरळ नाही म्हटलं तर?

स्वतःचा अर्ज स्वतः करता येतो. ईबी-१ए (असाधारण गुणवत्तेचा वर्ग), किंवा ईबी-२ मधला 'राष्ट्रहित' मार्ग, एनआयडब्ल्यू. त्याचे आजचे निकष डिसेंबर २०१६ च्या धनसार निकालातून आले. काम महत्त्वाचं आणि राष्ट्रीय मोलाचं आहे का, ते पुढे नेण्याची तुमची तयारी आहे का, आणि नोकरीच्या प्रस्तावाची अट सोडणं देशाच्या फायद्याचं आहे का. पोस्टडॉकनी हा मार्ग जरूर पाहावा. रांग ईबी-२ चीच, पण रुमाल पडतो, आणि तोही कोणाच्या परवानगीशिवाय.

नोकरीचं पत्र आलं आहे. सही करण्याआधी काय विचारू?

पगाराची बोलणी होतात त्याच दिवसांत विचारा. तुमचा आवाज पुन्हा इतका ऐकला जाणार नाही. निवडीची अधिकृत तारीख कोणती धरणार? जाहिरात कुठे आली होती आणि तिचे पुरावे कोणाकडे आहेत? रुजू व्हायच्या आधी प्रिव्हेलिंग वेजचा अर्ज करता येईल का? पर्मबरोबर पुढे ईबी-१बी लाही पाठिंबा देता का आणि आय-१४० चे पैसे कोण भरतं? उत्तरं ईमेलवर घ्या. विभागप्रमुख बदलतात, ईमेल राहतात.

कार्ड आल्यावर सब्बॅटिकलला (प्राध्यापकांच्या अभ्यासरजेत) पुण्यात वर्षभर राहिलं तर चालेल?

वर्षभर किंवा जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी अमेरिकेत असतानाच री-एंट्री परमिटचा, म्हणजे परत येण्याच्या परवान्याचा, अर्ज करा. तो साधारण दोन वर्षांपर्यंत मिळतो. त्यानं कार्ड वाचतं. नागरिकत्वासाठीची पाच वर्षं मात्र सलग मोजतात, आणि सहा महिन्यांहून मोठी गैरहजेरी त्यात खोडा घालते.

कार्ड पोस्टानं आलं. आता?

पाकीट उघडून आधी नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि वर्ग तपासा. चूक त्यांची असेल तर दुरुस्ती फुकट होते. मग ते एचआरला दाखवा, म्हणजे एच-१बी ची मुदत संपल्यावर पगार अडकणार नाही. मुलगा १८ ते २५ वयाचा असेल तर ३० दिवसांत सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडे (सक्तीच्या लष्करभरतीची वेळ आलीच तर त्यासाठीची यादी) नोंद. घर बदललंत तर दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला पत्ता कळवायचा, हे कार्डधारकांनाही लागू आहे.